आजच्या प्रयोगात स्पॉकच्या भूमिकेत

दादरला शिवाजी मंदिरच्या बाहेर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हा अनुभव तुम्हाला असेलच. तिकीट काढलेलं असतं, वडा खाऊन झालेला असतो, तिसरी घंटा होते आणि पडद्यामागून आवाज येतो की आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी तमुक भूमिका करतील. हॉलमध्ये एक लांब "अरेरे" होतं, मागच्या रांगेतले एक काका उठून उभेबिभे राहतात, काकू त्यांना हात धरून खाली बसवतात, पडदा वर जातो, आणि दहा मिनिटांत अख्खं थिएटर त्या नवीन माणसाच्या वाक्यांना हसायला लागलेलं असतं.

म्हणजे आपल्याला याची सवय आहे. नटसम्राट 1970 साली आलं तेव्हा अप्पा बेलवलकर म्हणजे डॉक्टर लागू, नंतर सतीश दुभाषींनी केलं, दत्ता भटांनी केलं, आणि आजही चार म्हातारे एकत्र बसले की कोणाचा अप्पा भारी यावर चहा थंड होतो, पण "हा अप्पा खोटा" असं कोणी म्हणत नाही. फक्त जास्त आवडला, कमी आवडला, बास.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा मामा. मामा गिरगावातला, चाळीतला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची अमेरिकन मालिका, शेजाऱ्यांकडे टीव्ही, दारात चपलांचा ढीग, इंग्रजी अर्ध्यांना कळायचं नाही पण लांब कानवाला, चेहऱ्यावर भावना न दाखवणारा स्पॉक सगळ्यांना कळायचा. मामा अजूनही एक भुवई वर करून बघतो, मामी म्हणते लग्नात अंतरपाट खाली गेला तेव्हाही तशीच बघत होती ती भुवई.

2009 साली नवीन सिनेमा आला, जे. जे. एब्रम्सचा. जहाजाचा कॅप्टन कर्क म्हणजे विल्यम शॅटनर नाही, ख्रिस पाइन. स्पॉक म्हणजे लेनर्ड निमॉय नाही, झॅकरी क्विंटो. मी कॉलेजला होतो, मामाला ओढत घेऊन गेलो. पहिला अर्धा तास मामा गप्प, मग कानात म्हणाला, "कॅप्टन अगदीच पोरगेलासा आहे रे." मग आला डॉक्टर मॅकॉय, कार्ल अर्बन, तो बोलायला लागला आणि मामाने चक्क डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. तर म्हणतो, "डोळे मिटून ऐक. तोच आहे."

आणि खरंच होतं ते. अर्बनचा चेहरा जुन्या डिफॉरेस्ट केलीशी फारसा जुळत नाही, पण ते करवादणं, वाक्याच्या शेवटी वैतागून मान टाकणं, ते जसंच्या तसं. पाइनने उलटं केलं, शॅटनरचं ते थांबत थांबत बोलणं त्याने घेतलंच नाही, आणि माझ्या मते बरं केलं, कारण शॅटनरची नक्कल जगात इतक्या लोकांनी केलीय की आता कोणीही केली तरी ती मिमिक्रीच वाटते.

पण त्या सिनेमाची खरी गंमत म्हणजे त्यांनी नुसते नट बदलले नाहीत, सबब पण दिली. भविष्यातून एक जहाज मागे येतं, कर्कच्या जन्माच्या दिवशीच त्याचा बाप मरतो, तिथून इतिहासच वेगळ्या रुळावर जातो. म्हणजे जुने लोक जुन्या रुळावर सुरक्षित, हे नवे वेगळ्या रुळावर, लोकल कशी दादरहून फास्ट ट्रॅकवर टाकतात तसं. वर म्हातारा निमॉय स्वतः म्हातारा स्पॉक म्हणून हजर, जणू घरातल्या आजोबांनी येऊन सांगावं, चालेल, हा आपलाच आहे. आपल्याकडे एक अनाउन्समेंट पुरते, ह्यांना अख्खा ग्रह उडवावा लागला!

ही सबब देण्याची खोड तशी जुनी आहे. स्टार ट्रेकचा पहिला पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा भाग, बनला तेव्हा कर्क नव्हताच, कॅप्टन होता पाइक, आणि काम केलं होतं जेफ्री हंटरने. एनबीसी चॅनेलने तो पायलट नाकारला, दुसरा बनवायला सांगितला, हंटर बाहेर पडला, शॅटनर आला. मग 1966 मध्ये मालिका चालू असताना एपिसोड वेळेत तयार होईनात, तेव्हा म्हणाले तो जुना पायलट पडलाय ना, तोच वापरून दोन भागांची गोष्ट करू. पण त्यात आजचा पाइक दाखवायला लागणार आणि हंटर तर नाही. मग त्यांनी गोष्टीत पाइकला अपघात घडवला, शॉन केनी नावाच्या नटाचा चेहरा मेकअपने पूर्ण भाजलेला केला, खुर्चीत बसवला, बोलणं बंद, फक्त एक दिवा, एकदा लागला तर हो, दोनदा लागला तर नाही. नट बदललाय हे झाकायला केलेली ही सोय, आणि आज तोच दिवेवाला पाइक मालिकेतल्या सगळ्यात लक्षात राहणाऱ्या चित्रांपैकी एक आहे.

कधीकधी मात्र काहीच सांगत नाहीत. साविक नावाची एक ऑफिसर होती, 1982 च्या सिनेमात कर्स्टी अ‍ॅली, 1984 मध्ये थेट रॉबिन कर्टिस. नाव तेच, युनिफॉर्म तोच, बाई वेगळी, खुलासा शून्य. आणि 1984 च्या त्या सिनेमाचा दिग्दर्शक कोण, तर स्वतः निमॉय.

ब्रिटिशांनी तर सबबीचाच नियम करून टाकला. डॉक्टर हू या त्यांच्या मालिकेत डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, 1966 मध्ये त्यांनी ठरवलं की हा डॉक्टर मरायच्या ऐवजी शरीर बदलतो, आणि पॅट्रिक ट्रॉटन उठून बसला. पण 1983 मध्ये पहिला डॉक्टर परत दाखवायची वेळ आली तेव्हा हार्टनेल वारले होते, मग रिचर्ड हर्न्डलला घेतलं. म्हणजे ज्या पात्राचा चेहरा बदलायचा परवाना आहे त्याचाही जुना चेहरा बदली नटाकडून करून घ्यावा लागला. असो.

कर्कचं जहाज चालवणाऱ्या सुलूचं मला आवडतं. जुना सुलू जॉर्ज टाकेई, जपानी वंशाचा. 2009 मध्ये जॉन चो, कोरियन वंशाचा, आणि त्यालाच संकोच वाटला की मी जपानी पात्र कसं करू. टाकेईने त्याला सांगितलं की सुलू सगळ्या आशियाचा म्हणूनच बनवला होता, नावसुद्धा फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्रावरून घेतलंय. आणि जहाजाचा इंजिनियर स्कॉटी, ज्याची सगळी ओळखच त्याचा स्कॉटिश हेल, तो आधी केला जेम्स डूहनने, कॅनडाचा, मग सायमन पेगने, इंग्लंडचा. खराखुरा स्कॉटिश माणूस, मार्टिन क्विन, यायला 2023 उजाडलं. आपल्याकडे कोणी पार्ल्याचा पोरगा उभा राहून मालवणी बोलला असता तर पहिल्याच "खंय चललंस"ला पब्लिकने पकडला असता.

आणि एक जागा आहे जिथे बदली आलाच नाही. नव्या सिनेमांत जहाजावरचाच चेकॉव्ह झालेला अ‍ॅन्टन येल्चिन जून 2016 मध्ये अपघातात गेला, 27 वर्षांचा. एब्रम्सने सांगितलं, ही भूमिका दुसऱ्याला देणार नाही. मामाला हे सांगितलं तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला.

आता 2022 पासून स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स ही नवी स्टार ट्रेक मालिका चालू आहे. स्पॉक ईथन पेक, पाइक अ‍ॅन्सन माउंट, उहुरा सीलिया रोझ गुडिंग. आणि या वेळी रूळ बदललेले नाहीत, सबब नाही, हेच ते जुने लोक म्हणे, तरुणपणीचे, बघायचं तर बघा. म्हणजे शेवटी फिरून शिवाजी मंदिरवरच आले. लोक भांडतात अजून, मुख्य तक्रार अशी की हा स्पॉक हसतो काय, प्रेमात पडतो काय, आमचा स्पॉक असा नव्हता.

मामाचीही तीच तक्रार. रिटायर झालाय, दुपारी माझ्या टॅबवर बघतो, बघतो आणि कुरकुरतो. परवा मी त्याला तो नाकारलेला पायलट लावून दिला. परग्रहावर निळी पानं असतात, थरथरतात, गातात. स्पॉक जवळ जातो, हाताने पान धरतो, आवाज थांबतो, आणि तो हसतो. गालातल्या गालात नाही, चांगला दात दिसेल असा.

मामाने चष्मा वर केला. "हा कोण रे? अजून एक नवीन घेतला की काय?"

"निमॉय आहे मामा. पहिलावाला."

मामाने टॅब माझ्याकडे सरकवला. "मागे घे जरा," म्हणाला, "ते पानापासून."