लाल मातीत अडकलेला स्फुरद

माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद (फॉस्फरस) ‘कमी’ असा शेरा आला, की मातीत स्फुरदच नाही, असा अर्थ आपल्याकडे सर्रास काढला जातो. वास्तविक तो आकडा फक्त उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणाऱ्या स्फुरदाचा असतो आणि एकूण साठा त्याच्या कितीतरी पट असतो. गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतली जांभी माती आम्लधर्मी आहे. तिच्यातली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेटला, म्हणजे स्फुरदाच्या मातीतल्या रूपाला, इतकी घट्ट धरून ठेवतात, की सुपर फॉस्फेटमधून दिलेल्या स्फुरदापैकी त्या हंगामातल्या पिकाच्या वाट्याला साधारणपणे 10 ते 25 टक्केच येतो.

त्यात फॉस्फेट मातीत फार हळू सरकते. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिता झाला, की मूळ तिथेच खोळंबते. ही अडचण झाडाच्या मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी दूर करते. तिचे केसाहून बारीक तंतू त्या रित्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचून स्फुरद आणतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. गोवा विद्यापीठात या बुरशीवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. बॅसिलस आणि स्यूडोमोनास या गटांतले काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून बांधलेला स्फुरद मोकळा करतात. त्यांची पाकिटे बाजारात मिळतात खरी. पण शेणखत किंवा पालापाचोळा नसलेल्या जमिनीत जिवाणूंना खायलाच काही नसते, तिथे नुसत्या पाकिटावर मी फार भरवसा ठेवणार नाही. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेत, पोफळीच्या झावळ्या आणि केळीची पाने जागीच कुजतात, त्यामुळे तिथे हे चक्र आपसूक चालू राहते.

सरद शेतीचा, म्हणजे पावसाळी भातशेतीचा, प्रकार मात्र निराळा आहे. पाणी साचले, की मातीतला प्राणवायू संपतो, जिवाणू लोहाचे क्षपण करतात, म्हणजे त्याला विरघळणाऱ्या रूपात आणतात, आणि लोहाला चिकटलेला स्फुरद सुटतो; म्हणून भाताला स्फुरदाची टंचाई सहसा कमी भासते. अशा शेतातले रोप उपटून धुऊन पाहा, मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसेल. मुळांतून झिरपणाऱ्या प्राणवायूने विरघळलेले लोह तिथे पुन्हा साकळलेले असते.

भात कापल्यावर जमीन सुकते, तेव्हा हेच सगळ्या शेतात घडते, आणि नव्याने तयार झालेले लोहाचे ऑक्साइड स्फुरदाला पूर्वीपेक्षाही अधिक ओढून घेते. शिवाय महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिल्याने मायकोरायझाही रोडावलेली असते. नेमक्या याच वेळी आपण अळसांदे (चवळीचा एक प्रकार) पेरतो. रोपे खुजी आणि गडद हिरवी राहिली, मुळांवर गाठी कमी धरल्या, तर बियाण्याला दोष देण्याआधी स्फुरदाकडे पाहावे. माझ्या मते, पीकक्रमातले स्फुरदखत भाताला जास्त देण्यापेक्षा त्यातला मोठा वाटा अळसांद्याला, तोही फोकून न देता ओळीत बियाण्याच्या बाजूला, शेणखतात मिसळून द्यावा. नांगरट जेवढ्यास तेवढी ठेवावी, कारण प्रत्येक नांगरटीत बुरशीचे जाळे तुटते. मुळा आणि कोबी या पिकांच्या मुळांत मायकोरायझा वाढत नाही, हेही पीकक्रम ठरवताना ध्यानात असू द्यावे.

रॉक फॉस्फेट (दळलेला स्फुरदयुक्त खडक) स्वस्त पडत असेल, तर आपल्या आम्ल मातीत ते जरूर वापरावे. मात्र त्याच वेळी चुना टाकू नये, कारण आम्लता उतरली, की ते विरघळणे मंदावते.