बांडगूळ घेताय? आधी झाड विचारा

ठाण्याजवळच्या येऊरचा चढ लागला की रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यांवर जरा नीट नजर टाका, मधेच एखादा पानांचा झुबका वेगळाच दिसेल, पानं जाड, राखाडी हिरवी आणि आंब्याला कधीच येणार नाहीत अशी लांब नळीसारखी केशरी फुलं. हेच ते बांडगूळ. फांदीला जिथे चिकटलंय ना तिथे मोठी गाठ आलेली असते, आत याची शोषकमुळं लाकडात शिरून पाणी आणि क्षार ओढत असतात. अन्न मात्र स्वतः बनवतं, म्हणून अर्धपरजीवी.

लावतं कोण? फुलटोच्या. चिमणीहून लहान पक्षी, फळ गिळतो पण चिकट बी काही सुटत नाही, मग बूड फांदीवर घासतो की झाली लागण!

आता औषधाचं. सुश्रुतसंहितेत वृक्षादनी नावाने हे वीरतर्वादि गणात म्हणजे औषधी वनस्पतींच्या एका गटात येतं, तो गण मुतखडा आणि अडखळणाऱ्या लघवीसाठी. शिवाय जखमेवर लेप, दमा, पाळीच्या तक्रारी असे वापर आहेतच. पानात क्वेर्सेटिन, क्वेर्सिट्रिन ही रसायनं आणि भरपूर टॅनिन सापडतात, टॅनिन म्हणजे तुरटपणा, त्यामुळे जखमेचा लेप तरी पटण्यासारखा आहे. बाकी बरंचसं काम उंदरांवर आणि काचेच्या नळीतच झालंय हो. आणि व्हॉट्सअपवर फिरतं ते कॅन्सरवालं मिसलटो वेगळं, ती युरोपातली विस्कम आल्बम, तिच्यातली लेक्टिन आणि विस्कोटॉक्सिन ही प्रथिनं आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाच्या नावावर खपवू नका.

पण खरी गंमत पुढे आहे. बांडगूळ पाण्यासोबत झाडाची रसायनंही उचलतं. कण्हेर माहितीय ना, हायवेच्या डिव्हायडरवर लावतात ती, अख्खी विषारी. कण्हेरीवर वाढलेलं हेच बांडगूळ तपासलं तेव्हा त्यात स्ट्रोस्पेसाइड, ओडोरोसाइड, नेरिटालोसाइड अशी थेट हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स निघाली, म्हणजे कण्हेरीचाच माल! जात तीच, पानं तीच, पण काढा प्यायलात तर जिवावर बेतेल.

त्यामुळे वाळका पाला कुणी बांडगूळ म्हणून देत असेल तर पहिलं विचारायचं, कुठल्या झाडावरचं? सांगता येत नसेल तर तिथून सरळ निघा. आणि येऊरवरून स्वतः तोडून आणायचा विचार असेल तर तो नॅशनल पार्कचा भाग आहे, पान तोडायलाही मनाई आहे.