व्याख्यान फुकट झालं, आता शिक्षकाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

घरबसल्या पदवी ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. पण त्यांनी नुसती पुस्तकं देऊन विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली, म्हणजे अडलं तर विचारायला माणूस असावा.

आज 'स्वयम्'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर, आयआयटीचे प्राध्यापक मोबाइलवर शिकवतात. ऐकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थी तिथून करू शकतो. मग कॉलेजात जायचंच कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. फळ्यावरून नोट्स उतरवून घेण्यासाठी तर मुळीच जाऊ नये.

पण बीएस्सीचं टायट्रेशन घ्या, म्हणजे आम्लात मोजून अल्कली टाकत त्याची तीव्रता काढणं. बुरेट नावाच्या, खाली नळ असलेल्या मोजनळीतून अल्कली थेंब थेंब सोडायचं. फ्लास्क हलवत राहायचं. फिकट गुलाबी छटा टिकली की तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि रीडिंग वाया जातं. व्हिडिओत हे छान दिसतं. हाताला मात्र ते बुरेटचा नळ धरल्याशिवाय येत नाही, आणि शेजारी कुणीतरी 'अगं, हळू!' म्हणणारं लागतं.

२०११ साली स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुला केला. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, शेवटापर्यंत पोचले वीसेक हजार. तेही थोडे नव्हेत, हे मी मनापासून म्हणतो. पण बाकीचे कुठे अडले, हे विचारायला कुणी नव्हतं.

आपल्याकडे मात्र उलटंच चाललंय. कितीतरी कॉलेजांत पदं रिकामी आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. म्हणजे जे व्याख्यान मोबाइलवर फुकट आहे, त्याचेच आपण पैसे मोजतो. मुलीची वही तपासत, तिची शंका सोडवत ते संध्याकाळपर्यंत थांबले, तर त्याची दमडी मिळत नाही. विद्यापीठं टिकवायची असतील तर आधी हा हिशेब बदला. पदं भरा, आणि या वेळेचा पगार द्या.

आणि पालकहो, जूनमध्ये प्रवेश घेताना इमारत बघू नका. प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते आणि मुलांनी लिहिलेलं कोण वाचतं, एवढं विचारा.