हजार विड्यांमागे

(जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी. समितीने मला सांगितलं, "विद्यार्थ्यांच्या वतीने तू कृतज्ञतेवर बोल." मी हो म्हणून बसले. पण नंतर वाटलं, या विषयावर आम्ही परदेशात शिकणारी पोरं फार स्वस्तात सुटतो. आईच्या हातची भाकरी आठवायची, डोळे पुसायचे, झालं! माझेही डोळे भरतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत भरूनच मी ड्रेस्डेनला आले, आणि ती चटणी मी वसतिगृहातल्या मैत्रिणींपासून लपवून खाल्ली आहे. पण भाकरी आठवते ती भुकेने. उपकार आठवायचे तर कोणी दिलं आणि कशातून दिलं, ते बघायला लागतं.

मी सोलापूरची. जन्म पूर्व भागातला, वाढले कुंभारीत. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी, रिक्षात दखनी, असं आमचं गाव. (मंडळात नाव नोंदवताना माझं आडनाव बघून एका काकांनी विचारलं होतं, "तुम्ही मराठी का?" काका इथेच बसलेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला सोलापूरला यायचं त्यांनी कबूल केलंय.) बाबा यंत्रमागावर टॉवेल विणतात. अम्मा विड्या वळते.

इथल्या पुष्कळांनी विडी वळताना कोणाला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळतो. पानं भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. माल जमा करताना तपासणारा चिमटीत धरून एकेक बघतो आणि पसंत नसलेल्या बाजूला टाकतो. त्यांची मजुरी नाही. अम्मा मांडीवर सूप घेऊन, टीव्ही बघत, भांडत, माझा अभ्यास घेत वळायची. तिला वाचता येत नाही, तरी मी पाठ केलेलं चुकलं की तिला कळायचं, कारण मी अडखळले की तिचे हात थांबायचे. विडीचं कौतुक मी करणार नाही. ओढणाऱ्याचं वाटोळं होतं ते होतंच, वळणारीच्याही छातीत तीच धूळ जाते, कंबर जाते. पण माझं शिक्षण त्या सुपातून निघालं.

आणि हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. १९७६ च्या कायद्याने केंद्र सरकार विड्यांवर उपकर घ्यायचं. त्याच्या कल्याण निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. शाळेत मलाही मिळाली. मी लहानपणी समजत होते की सरकार माझ्यावर मेहेरबान आहे. पैसा मात्र अम्मासारख्या बायांनी वळलेल्या विड्यांवरूनच गोळा झाला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

घराचंही तसंच. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायांना घरं मिळाली, २००६ मध्ये. काही पैसे केंद्राचे, काही राज्याचे, काही बायांनी स्वतः साठवून भरलेले. त्याआधी किती वर्षं कामगार नेते आडम मास्तरांबरोबर मोर्चे, धरणी, घोषणा! घराची किल्ली मिळाली त्या दिवशी अम्माने पेढे वाटले, आणि पुढच्या मागणीच्या मोर्चाला ती पुन्हा गेली. उपकाराची जाण ठेवायची आणि तोंडही बंद ठेवायचं नाही, हे मी तिथे बघितलं.

म्हणून इथे कोणी म्हणालं, "जर्मनीने फुकट शिकवलं, आता तक्रारी कसल्या करता?" तर मला ते पटत नाही. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरचं शुल्क तेवढं भरायचं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मागांचा खर्च इथला करदाता देतो. म्हणजे सकाळी ज्या ट्रामने मी जाते ती चालवणारी बाईसुद्धा त्यात आली. तिचे उपकार मी मानते. पण इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी महिनोन्‌महिने तारीख मिळत नाही आणि तेवढ्यात एखाद्याची नोकरी हातची जाते, हेही मी मोठ्याने बोलणार.

आणि 'फुकट' म्हणजे किती फुकट? व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधी दाखवायला लागतात. बाबांच्या आयुष्यात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती. कर्जासाठी मामांनी घर तारण ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तरी ठेवलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला बँकेच्या हप्त्यापेक्षा जड जातं.

सोलापूरची माणसं परदेशी गेली की डॉ. कोटणीसांचं नाव निघतं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनला गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, चिनी शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मला शाळेत त्यांच्यावर भाषणाचं बक्षीसही मिळालंय. पण आम्हा विद्यार्थ्यांना त्यांच्या रांगेत बसवू नका. ते द्यायला गेले होते. आम्ही घ्यायला आलोय, आणि हे मान्य करण्यात लाज नाही.

हे सगळं मी एकदा फोनवर अम्माला सांगायचा प्रयत्न केला. मी तिला थँक्यू म्हटलं. ती घाबरली. "काय झालं? पैसे संपले का?"

तेव्हा थँक्यू राहू द्या. एक कामाचं बोलते. मार्चअखेर उन्हाळी सेमिस्टरची नवी मुलं येतील. राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायला लागते, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, आणि नवख्या पोराला घरच मिळालेलं नसतं. मी आले तेव्हा मंडळातल्या एका ताईंनी मला त्यांची मागची खोली दिली आणि पत्रही दिलं, ओळख ना पाळख. ज्यांच्याकडे जागा आहे आणि ज्यांच्या भाडेकरारात बसतं, त्यांनी आपलं नाव आणि कोणत्या तारखेपासून जमेल ते आज लिहून द्या. वही तिळगुळाच्या टेबलावर आहे, पेनही बांधून ठेवलाय.