फवारणीचा ड्रोन: 10 लिटरच्या टाकीमागचे गणित

नमस्कार. पाठीवरच्या पंपाने एक एकर फवारायचे तर साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते, आणि तेच शेत ड्रोन सुमारे 10 लिटरमध्ये उरकतो. हा फरक कसा पडतो, हे समजले की ड्रोनचे फायदे आणि धोके दोन्ही आपोआप उलगडतात.

औषधाची एकरी मात्रा तीच राहते, फक्त पाणी घटते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतले द्रावण पंपातल्या द्रावणाच्या पंधरा-वीस पट तीव्र असते. एवढ्या थोड्या पाण्यात काम भागते, कारण थेंब अतिशय बारीक असतात आणि पंख्यांच्या झोताने ते खाली पिकावर दाबले जातात. त्याच झोताने पाने हलतात, त्यामुळे काही थेंब पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचतात. दाट पिकात मात्र हे थेंब बुंध्यापर्यंत नीट उतरत नाहीत, म्हणून कीड खाली दडलेली असेल तर ड्रोनवर भिस्त ठेवू नये.

ही कल्पना आजची नाही. जपानमध्ये यामाहा कंपनीचे आर-50 हे मानवरहित हेलिकॉप्टर 1987 पासून भातशेतीवर फवारणीसाठी आले. आपल्याकडे या व्यवसायाला खरी वाट मिळाली ती ऑगस्ट 2021 मधल्या ड्रोन नियमांनी. 10 लिटरचीच टाकी सर्रास का दिसते, याचेही उत्तर त्या नियमांत सापडते: 25 किलोपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ वर्गात बसतो, आणि भरलेल्या टाकीसह वजन त्या मर्यादेत ठेवायचे तर टाकी एवढीच परवडते.

शेतावरचे काम असे चालते. चालक आधी शेताच्या कडांचे बिंदू घेतो, झाडे आणि विजेच्या तारा टाळून मार्ग आखतो. त्यानंतर ड्रोन पिकापासून ठरलेल्या उंचीवर, समांतर पट्ट्यांत स्वतःच फिरतो. औषध संपले की तो परत येतो आणि टाकी भरल्यावर जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करतो. पाच-सहा महिन्यांच्या उसात माणसाला पंप घेऊन शिरताच येत नाही. पाती अंग कापतात आणि पीक डोक्यावर गेलेले असते. अशा फडावर ड्रोनला दुसरा पर्यायच नाही, असे म्हटले तरी चालेल.

माझ्या मते वेळेच्या बचतीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान 20 शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. उंच वाढलेल्या पिकात चालणारा माणूस स्वतः उडवलेल्या औषधाच्या धुक्यातूनच पुढे सरकत असतो. ड्रोन माणसाला त्या धुक्याबाहेर बांधावर उभा करतो. पण धोका संपत नाही, तो बादलीजवळ येऊन थांबतो: द्रावण आता कितीतरी तीव्र असते आणि ते कालवणारे हात माणसाचेच असतात. उडणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ सगळे काढतात, परंतु हातमोजे न घालता औषध मिसळणारा मदतनीस त्यांत क्वचितच दिसतो.

दुसरा धोका वाऱ्याचा. बारीक थेंब दूर वाहतात, आणि शेजारी तुतीची लागवड असेल तर त्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीम किड्यांची अख्खी बॅच हातची जाऊ शकते. मधमाश्यांचेही तेच. म्हणून वारा पडलेला असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उड्डाण करावे, आणि शेजाऱ्याच्या बाजूचा पट्टा मोकळा सोडावा.

राहिला प्रश्न पैशाचा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना ड्रोनसाठी 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये अनुदान आहे आणि देशभरात 15,000 गटांचे उद्दिष्ट आहे. मात्र टाकी भरलेली असताना एक बॅटरी साधारण दहा मिनिटेच टिकते, त्यामुळे बॅटऱ्यांचे अनेक संच, त्या चार्ज करायला जनरेटर आणि हे सगळे वाहून न्यायला गाडी लागते. अनुदानाची चर्चा होते, या रोजच्या खर्चाची होत नाही. आपल्याकडची अर्धा-पाऊण एकराची तुकड्यांची शेते पाहता, खरा वेळ उडण्यात कमी आणि सामान हलवण्यात जास्त जातो. यावर उपाय गावातच आहे: एकमेकांना लागून शेते असलेल्या शेतकऱ्यांनी फवारणीचा दिवस एकत्र ठरवला, तर गाडी एकदाच येते, कीड या शेतातून त्या शेतात पळत नाही, आणि तुतीवाल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशीच निरोप देता येतो.