इम्युनोथेरपी चालू असेल तर हृदयाकडेही बघा

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरात कुणाला कॅन्सरसाठी इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालू आहे त्यांच्यासाठी आज मी खास बोलणार आहे, पण बाकीच्यांनीही ऐका, कारण असा पेशंट आजकाल नात्यात, शेजारीपाजारी कुठेतरी असतोच. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, अशी अवघड नावं असतात, पाठ झाली नाहीत तरी चालेल, फक्त फाइलमधल्या त्या कागदाचा एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. का ते सांगते पुढे.

आधी हे औषध करतं काय ते बघू. आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या लढाऊ पेशी असतात, त्यांनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना ब्रेक असतात, आणि कॅन्सर नेमका हाच ब्रेक दाबून धरतो. औषधाने तो ब्रेक सोडवला की टी-सेल कॅन्सरवर तुटून पडतात. या शोधासाठी अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं, आणि ते अगदी योग्यच होतं, कारण जिथे पूर्वी डॉक्टर हात टेकायचे असे कितीतरी पेशंट आज या औषधांमुळे वर्षानुवर्षं आपल्यात आहेत. तेव्हा मी आज जे बोलणार आहे ते ऐकून घाबरून इंजेक्शन बंद करू नका, प्लीज.

पण ब्रेक सुटलेल्या पेशी कधीकधी आपल्याच अवयवांवर जातात. कातडीवर पुरळ, जुलाब, थायरॉइड बिघडणं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, डॉक्टर सांगतातही. हृदयाचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. खरं म्हणजे याची कुणकुण फार आधी लागली होती, होंजोंच्याच क्योटोच्या टीमने 2001 मध्ये पीडी-1 हा ब्रेक जन्मापासूनच नसलेले उंदीर तयार केले तर त्यांचं हृदय फुगून निकामी झालं. मग 2016 मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी दोन पेशंटची माहिती छापली. दोघांनाही मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, दोघांना निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधं एकत्र दिलेली, आणि पहिल्याच डोसनंतर थोड्याच दिवसांत हृदयाला सूज येऊन दोघंही गेले. नंतर तपासलं तर हृदयाच्या स्नायूत टी-सेल ठासून भरलेल्या. याला मायोकार्डायटिस म्हणतात.

किती जणांना होतं? शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे क्वचितच. पण झालं तर फार वाईट, जगभरातून नोंदवलेल्या 101 केसेस एकत्र करून 2018 मध्ये बघितल्या तर त्यातले 46 टक्के पेशंट दगावले होते. दोन औषधं एकत्र असतील तर धोका आणखी वाढतो. आणि हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतं, कधी पहिल्याच डोसनंतर.

किमोचं गणित वेगळं असतं. डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट लाल किमो म्हणतात, त्याचा एकूण डोस जसा वाढत जातो तसा हृदयाला त्रास वाढत जातो, म्हणून डॉक्टर मोजूनमापून देतात. इम्युनोथेरपीत असा हिशोब चालत नाही. आपल्याकडे परळच्या टाटा हॉस्पिटलने तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी देऊन चांगला गुण येतो हे 2022 मध्ये दाखवलं, त्यामुळे ज्यांना लाखांचा खर्च झेपत नव्हता त्यांनाही हे औषध मिळायला लागलं, फार मोठं काम आहे ते. पण आपला डोस छोटा आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका.

आता लक्षणं, आणि इथेच घोळ होतो. दम लागणं, छातीत जड वाटणं, धडधड, चक्कर, पायावर सूज, आणि नुसता थकवा. थकवा आला की घरचे म्हणतात कॅन्सरच आहे, अशक्तपणा येणारच, नारळपाणी द्या, झोपू द्या. असं करू नका. इंजेक्शन सुरू झाल्यावर नवीन थकवा आला, कालपर्यंत जिना चढणारा माणूस आज बाथरूमपर्यंत जाताना धापा टाकतोय, तर लगेच कळवा, त्याच दिवशी. आणखी एक खूण म्हणजे पापण्या खाली येणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, मान किंवा मांड्या दुखणं. हृदयाच्या सुजेबरोबर कधीकधी अंगाच्या स्नायूंनाही सूज येते, त्यामुळे पापणी पडलेली दिसली तरी हृदय तपासायला हवं.

आता त्या फोटोचं. आपल्याकडे इंजेक्शन मुंबई-पुण्यात घेतात आणि पेशंट एसटीने किंवा रेल्वेने गावी परत जातो, पुढचा डोस तीन आठवड्यांनी. त्रास होतो तो मधल्या दिवसांत, गावात, बरेचदा रात्री. गावातल्या डॉक्टरांना नुसतं 'कॅन्सर आहे, किमो चालू आहे' असं सांगितलं तर त्यांच्या डोक्यात हे येणारच नाही, त्यांची काही चूक नाही त्यात. म्हणून तो फोटो दाखवा आणि स्पष्ट सांगा की इम्युनोथेरपी चालू आहे, ईसीजी आणि ट्रोपोनिन करा. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही बहुतेक ठिकाणी होते, आणि इंजेक्शनच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही. टूडी इको नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका, कारण अशा पेशंटपैकी जवळजवळ निम्म्यांचं पंपिंग इकोमध्ये चांगलंच दिसतं. पहिला डोस घेण्याआधीच ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घेतलेलं असेल तर नंतर तुलना करता येते, आणि सुरुवातीच्या डोसांआधी परत करावं असं युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सांगितलंय. तुमच्या डॉक्टरांनी केलं नसेल तर विचारा, विचारण्यात काही चूक नाही.

निदान झालं की स्टिरॉइड देतात, शिरेतून, मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 500 ते 1000 मिलिग्रॅम, तीन-चार दिवस तरी. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, नको म्हणतात, दुसऱ्याचं मत घेऊन येतो म्हणतात. इथे तेवढा वेळ नसतो. पहिल्या चोवीस तासांत चालू केलेल्यांचं पुढे बरं होतं असं दिसलंय. साखर वाढेल, ती नंतर आटोक्यात आणता येते. स्टिरॉइडने भागलं नाही तर अबाटासेप्ट, रुक्सोलिटिनिब अशी औषधं आता वापरायला लागलेत, पॅरिसमधल्या डॉक्टरांनी त्यावर बरंच काम केलंय.

मायोकार्डायटिस झाल्यावर ते इंजेक्शन सहसा परत देत नाहीत. मग घरच्यांना वाटतं की आता कॅन्सरचं काय. काही पेशंटमध्ये औषध थांबल्यानंतरही गाठ आटोक्यात राहते, कारण टी-सेल एकदा कॅन्सर ओळखायला शिकलेल्या असतात, आणि ज्यांच्यात राहत नाही त्यांच्यासाठी किमो, रेडिएशन, टार्गेटेड गोळ्या असे दुसरे रस्ते बघता येतात. कॅन्सरचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना एकत्र बोलायला लावा, आणि त्या वेळी पेशंटबरोबर घरातलं कुणीतरी एक जण कागद-पेन घेऊन बसा. नमस्कार.