औषध घेतलंय

[दृश्य: रात्र. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाचं दार. जीपमधून कुणाला तरी उतरवतायत.]

विदर्भ-मराठवाड्यात कॅज्युअल्टीच्या दारात रात्री-अपरात्री एक वाक्य हमखास कानावर पडतं. "औषध घेतलंय." इंटर्न नवा असेल, शहरातला असेल, तर विचारतो, "कोणतं? गोळ्या का?" सिस्टर उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही, सलाईन लावायला घेते. औषध म्हणजे फवारणीचं. पिकावर मारतात ते. बरं करतं तेही औषध आणि मारतं तेही, आपल्या भाषेनं दोघांना एकच नाव दिलंय.

आज आलेली बाई बत्तीस वर्षांची आहे. ती कुणी एक नाही. अशा कितीतरी जणींच्या हकिगती एकत्र करून आम्ही तिला उभी केली आहे.

[दृश्य: डॉक्टरांचे हात. टॉर्च. स्टेथोस्कोप.]

पहिले काही तास मनाबद्दल कुणीच बोलत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तोंडातून लाळ गळतेय, छातीत घरघर आहे. विषाचा परिणाम उतरवणारं ॲट्रोपिन सुरू होतं. ते किती द्यायचं हे शेवटी रुग्णाचं शरीरच सांगतं. डॉक्टर दर थोड्या वेळानं छाती ऐकतात, नाडी बघतात आणि चक्क काखेत हात घालतात. काख ओली असेल तर डोस अजून पुरलेला नाही. कोरडी लागली की हायसं वाटतं.

तिकडे टेबलाशी दीर माहिती सांगतोय. "चुकून घेतलं हो. खोकल्याचं समजून." सीएमओ, म्हणजे अपघात विभागातले डॉक्टर, मान खाली घालून एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या रजिस्टरमध्ये तेच लिहून घेतात. विश्वास त्यांचाही बसलेला नसतो. पण दारात पोलीस चौकीतला हवालदार उभा आहे आणि घरच्यांच्या डोक्यात एकच आहे, केस होईल.

खरं तर कायदा बदलून बराच काळ झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालावं, तिला शिक्षा करू नये, असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं. तिच्यावर उपचार करणं, तिला सावरायला मदत करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलंय. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमच गेलं. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. हे त्या दिराला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून 'चुकून' हा शब्द अजून रजिस्टरमध्ये टिकून आहे, आणि जिच्या मनाची विचारपूस व्हायला हवी तिला कधी कधी तसंच घरी पाठवलं जातं.

[दृश्य: त्याच इमारतीचा वरचा मजला. हाडांचा वॉर्ड.]

त्याच रात्री वरून फोन येतो. पाय मोडून तीन दिवसांपूर्वी दाखल झालेला माणूस अचानक हवेत किडे पकडायला लागलाय, सलाईन उपटतोय. "वेडा झालाय, सायकिॲट्रीला कळवा." ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टर जातात. त्या पहिल्यांदा विचारतात ते साखर तपासली का, ताप आहे का, डोक्याला मार लागला होता का, आणि रोज किती पितो. शेवटच्या प्रश्नावर बायको गप्प. मग हळूच, "रोजच." तीन दिवस दारू मिळालेली नाही, शरीर उलटलंय. याला वेड म्हणत नाहीत, पण हे जिवावर बेतू शकतं. उपचार म्हणजे शांत करणारं लोराझेपाम, थायमिन हे जीवनसत्त्व, उजेड असलेली खोली आणि ओळखीचा चेहरा.

मनाचं संकट दिसलं की आधी शरीर तपासायचं, ही शिस्त अशा रात्रींमधून अंगी बाणते. बोलूनही कुणी आवरत नसेल, जिवाला धोका असेल, तर कायद्यानुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यात विजेचे झटके देता येत नाहीत. साखळीनं बांधणं तर कायद्यात कुठेच बसत नाही.

[दृश्य: तिसरा दिवस. स्त्रियांचा वॉर्ड. खिडकीतलं ऊन.]

आता ती शुद्धीवर आहे. मानसोपचारतज्ज्ञ येतात, तेव्हा खाटेभोवती पाच माणसं. ते सासूबाईंना म्हणतात, "मावशी, तुम्ही जरा चहा घेऊन या." दिराला औषधाची चिठ्ठी देऊन मेडिकलमध्ये धाडतात. पडदा ओढतात आणि स्टूल घेऊन बसतात. उभ्या-उभ्या विचारलेल्या प्रश्नाला उभं-उभंच उत्तर मिळतं.

"का केलंत?" असं ते विचारत नाहीत. 'का' म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. "ताई, त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, सांगता का?" मग पाणी भरलं, डबा केला, दुपारी भांडण झालं, असं करत गोष्ट तिच्याच पायांनी त्या क्षणापर्यंत चालत येते. घरात कोण होतं? नंतर स्वतःहून कुणाला सांगितलं की कुणी पाहिलं? आधी कधी असं झालंय का? नवरा हात उचलतो का? आणि आता, वाचलात, तर बरं वाटतंय की वाईट?

मराठीत मरणाच्या विचाराची एक उतरंडच आहे. 'जिवाचा कंटाळा आलाय.' 'देवानं उचललं तर बरं.' 'जीव द्यावासा वाटतो.' 'ठरवलं होतं.' समोरचा कोणत्या पायरीवर आहे, तिकडे डॉक्टरांचा कान असतो. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका दुसरी पायरी गुडघे दुखले तरी उच्चारत. त्याची दर वेळी धास्ती घेता येत नाही आणि दर वेळी हसण्यावारीही नेता येत नाही. मग सरळ विचारावं लागतं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची ठाम समजूत. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. बऱ्याचदा समोरचा सुस्कारा टाकतो.

एखादी प्रश्नावली भरून, गुण मोजून धोका कमी की जास्त हे ठरलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण पुढे कोण जीव देईल याचं भाकीत करायला अशी मोजपट्टी वापरू नका, असं उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं. 'धोका कमी' असा शिक्का बसलेलेही जातात, आणि शिक्का मारला की ऐकणाऱ्याचा कान मिटतो. मला यातली दुसरी गोष्ट जास्त घातक वाटते.

[दृश्य: केसपेपरची मागची बाजू. पेन.]

मग हाती उरतो तो एक कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला नीट आकार दिला. याला सुरक्षा योजना म्हणतात. इथे तो केसपेपरच्या मागे लिहिला जातो, तिच्याच शब्दांत. 'डोकं भणभणायला लागलं की' ही पहिली ओळ. मग काय करायचं: शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचं. कुणाला फोन करायचा: भावाला, त्यानं नाही उचलला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६. आणि शेवटची ओळ घरच्यांना बोलावून, त्यांच्यासमोर: फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही.

ही शेवटची ओळ सगळ्यात कठीण. श्रीलंकेत १८० गावांत याची मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांत घरोघरी कीटकनाशकं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७मध्ये निकाल आला, काही फरक पडला नव्हता. पण त्याच देशानं अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. म्हणजे या वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातात जे नाही, ते कृषी खात्याच्या फाइलीत आहे. तरी डॉक्टर ती ओळ लिहायला लावतातच. क्षण टळला की अनेकदा विचारही ओसरतो, हे त्यांनी कितीतरी खाटांवर पाहिलेलं असतं.

[दृश्य: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची छोटी खोली. जुना मोबाइल, रेघा मारलेली वही.]

डिस्चार्जनंतरचे आठवडे फार नाजूक असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला, त्यातलं एक केंद्र चेन्नईला होतं. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं झालं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा कुणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. बस. दीड वर्षानंतर पहिल्या गटात शंभरात २.२ जणांनी आत्महत्या केली होती. दुसऱ्या गटात ०.२.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानंही काहीसं तेच केलं. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

या खोलीत हे काम समाजसेविका ताई करतात, रेघांच्या वहीवरून. नाव, गाव, तारीख, पुढे बरोबरची खूण. काही नंबर लागत नाहीत. काही घरी फोन नवऱ्याकडे असतो, मग "दवाखान्यातून बोलतेय, टाके बघायचेत" असं काहीतरी सांगावं लागतं.

[दृश्य: फोनचा स्पीकर. पलीकडे बकरी, लहान मुलाचा आवाज.]

आज तिच्या नावापुढे पाचवी खूण व्हायची आहे. चौथ्या रिंगला फोन उचलला जातो.

"ताई, कशा आहात?"

"बरी आहे. कापूस वेचायला आलेय." थोडा वेळ नुसतं वारं. मग ती म्हणते, "मॅडम, औषध संपत आलंय. कधी येऊ?"

समाजसेविका वहीत सोमवार लिहितात.

[पाटी: टेली-मानस १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.]